पाच प्रश्न, एक उत्तर

आमच्या गावच्या पाठशाळेत चातुर्मासाच्या अखेरच्या रविवारी मुलांसाठी सामान्यज्ञानाची स्पर्धा घेण्याचा जुना प्रघात आहे. सूत्रे आणि स्तोत्रे यांची परीक्षा वेगळी होते. ही स्पर्धा मात्र इतिहास, निसर्ग, संगीत, करमणूक अशा सर्व विषयांची असते. गेल्या वर्षी प्रश्नपत्रिका काढण्याचे काम माझ्याकडे आले. मी पाचच प्रश्न काढले आणि मुलांना सांगितले की, पाचही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ज्याला ते एका प्रश्नावरून सुचेल त्याने उरलेल्या चारांवर ते पडताळून पाहावे. वाचकांनीही पुढे जाण्यापूर्वी क्षणभर थांबून प्रयत्न करून पाहावा.

पहिला प्रश्न : वारणावतात पांडवांसाठी दुर्योधनाने जे घर बांधविले, ते कोणत्या पदार्थाच्या नावाने ओळखले जाते?

दुसरा प्रश्न : मारवाडी नववधूच्या हातातील लाल चुडा कशाचा असतो, आणि बोरमाळेचे पोकळ सोन्याचे मणी चेपू नयेत म्हणून सोनार त्यांत काय भरतो?

तिसरा प्रश्न : १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. तो ज्या तबकड्यांवर उतरून घरोघर गेला, त्या तबकड्यांतील मुख्य बांधणी कोणत्या पदार्थाची होती?

चौथा प्रश्न : १९४२ साली महायुद्ध चालू असता अमेरिकन सरकारने ग्रामोफोन कंपन्यांवर एका भारतीय मालाच्या वापराबाबत कडक निर्बंध घातले. तो माल कोणता?

पाचवा प्रश्न : चकचकीत चॉकलेट-गोळ्यांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘९०४’ हा अंक असतो. तो कशाचा निदर्शक आहे?

आठवीतील एका मुलीने दुसऱ्या प्रश्नावरच हात वर केला. तिच्या काकूच्या लग्नाला चारच महिने झाले होते आणि चुडा भरताना तिने शेजारी बसून पाहिले होते. “लाख!” ती म्हणाली. मग तिने स्वतःच बाकीचे प्रश्न पुन्हा वाचले आणि पाचव्यापाशी येताच तिचा आवाज खाली आला. “म्हणजे गोळीवरही लाखच असते का?”

तिच्या या प्रश्नामुळेच हा लेख लिहिण्याचे मनात आले. कारण असाच प्रश्न मी स्वतः तिच्याच वयाचा असताना विचारला होता, आणि त्याचे परिणाम आमच्या घरात गेल्या वर्षापर्यंत चालू होते.

झाडावरची वस्ती

लाख हा डिंक नव्हे आणि झाडाचा चीकही नव्हे. ती एका कीटकाच्या शरीरातून पाझरणारी राळ आहे. शास्त्रज्ञ या कीटकाला केरिया लॅका म्हणतात. त्याचे पिल्लू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे, लालसर रंगाचे असते. अंड्यातून बाहेर पडल्यावर ते पळस, बोर किंवा कुसुम यांच्या कोवळ्या फांदीवर चालत जाते, सोयीची जागा शोधते आणि सालीत सोंड खुपसून रस शोषू लागते. पळसाला पाने तीनच हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच पळसाच्या फांदीवर हजारोंची वस्ती राहू शकते, हे थोड्यांच्या पाहण्यात येते.

फांदीवर स्थिर झालेले पिल्लू अंगाभोवती राळेचे कवच बांधू लागते. ऊन, पाऊस आणि शत्रू यांपासून वाचण्याचे त्याचे ते घर असते. शेजारीशेजारी बसलेल्या हजारो पिल्लांची कवचे एकमेकांत मिसळतात आणि फांदीभोवती खडबडीत, तांबूस थर तयार होतो. नर काही दिवसांचाच सोबती. मादी मात्र एकदा बसली की तिचे पाय गळतात आणि ती जन्मभर त्याच जागी राहते. त्याच कवचाच्या आत ती शेकडो अंडी घालते आणि तिथेच संपते. पुढची पिढी त्या कवचाच्या छिद्रांतून बाहेर पडून नव्या फांदीच्या शोधात निघते.

लाखेची पिके वर्षातून दोनदा येतात. पळस आणि बोर यांवरील ‘रंगीनी’ जातीची बैसाखी आणि कातकी, कुसुमावरील ‘कुसमी’ जातीची जेठवी आणि अघनी, अशी त्यांची नावे उत्तरेकडील महिन्यांवरून पडली आहेत. झारखंड आणि छत्तीसगड हे या पिकाचे मुख्य प्रदेश. आपल्याकडे गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलांतही लाख होते. रांचीजवळच्या नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी १९२४ साली स्थापन झालेली संस्था आजही नव्या नावाने काम करीत आहे.

पीक तयार झाले की फांद्या तोडतात. त्यांतील काही बीजलाख म्हणून दुसऱ्या झाडांना बांधल्या जातात, जेणेकरून पिल्ले तिकडे पसरावीत. उरलेल्या फांद्यांवरील थर खरवडला जातो, ही काडीलाख. ती कुटून, पाण्यात धुऊन दाणालाख होते आणि धुण्याचे पाणी रक्तासारखे लाल होते. पूर्वी याच लाल रंगाने कापड आणि लोकर रंगवीत, स्त्रिया पायांना अळता लावीत. दाणालाख लांबलचक कापडी पिशवीत भरून कोळशाच्या भट्टीसमोर पीळ देत वितळवायची, आणि गरम राळेचा गोळा दोन हात, दोन पाय आणि दात यांनी धरून पापडासारखा पातळ ताणायचा, ही चपडा लाख तयार करण्याची जुनी पद्धत. यंत्रे आली तरी या हातकामाचे कारागीर दीर्घकाळ टिकून राहिले.

एक किलो लाखेमागे सुमारे तीन लाख कीटक, असा अंदाज सामान्यतः सांगितला जातो. फांदी तोडण्याची वेळ पिल्ले बाहेर पडण्याच्या आधीची असेल, तर ती पिल्लेही त्यातच जातात. मात्र या व्यवहाराला दुसरी बाजूही आहे. ज्या पळसावर आणि कुसुमावर लाख होते, ते झाड आदिवासी कुटुंब सहसा तोडत नाही. शेतीचे काम नसलेल्या महिन्यांत हातात येणारा तो रोख पैसा असतो. जीवहानी आणि जीविका अशा एकाच फांदीवर शेजारीशेजारी नांदतात.

लाक्षागृहापासून लाखोट्यापर्यंत

आपल्या संस्कृतीत लाख किती जुनी आहे, याची साक्ष अथर्ववेद देतो. त्याच्या पाचव्या कांडात लाक्षेला उद्देशून एक सूक्त आहे आणि त्यात ती जखम भरून काढणारी औषधी म्हणून येते. महाभारतातील जतुगृह तर सर्वपरिचित आहे. ‘जतु’ म्हणजेच लाख. लाख भडकन पेट घेते, हे पुरोचनाला ठाऊक होते. आणि हे विदुरालाही ठाऊक होते, म्हणून पांडव भुयारातून सुटले.

लाखेचा खरा गुण मात्र जळण्यात नाही. ती उष्णतेने मऊ होते, मऊ असताना तिच्यावर दाबलेल्या वस्तूचा सूक्ष्मातला सूक्ष्म ठसा ती उचलते, आणि थंड होताच तो ठसा दगडासारखा धरून ठेवते. या एका गुणावर शेकडो वर्षांचा व्यवहार उभा राहिला. पत्र बंद करून त्यावर लाखेची मोहर उठविली की ते वाटेत कोणी उघडले तर लगेच कळे. मराठीतील ‘लाखोटा’ हा शब्द त्यातूनच आला. पेढीवरच्या थैल्या, सरकारी कागद, विमा उतरविलेली टपाल पार्सले यांवर लाल लाखेचे ठिपके ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तिचा वासही आठवेल.

सोनाराला लाख लागते ती आधारासाठी. कोल्हापुरी साज, बोरमाळ, मोहनमाळ यांचे पोकळ मणी आतून लाखेने भरलेले असतात. म्हणून जुना दागिना मोडीला नेला की सराफ प्रथम लाखेचे वजन वजा करतो. राजस्थानात लाखेच्या बांगड्या करणारे लखारे गल्ल्यागल्ल्यांतून असत. जयपूरचा मणिहारांचा रस्ता आजही त्यासाठी ओळखला जातो. सावंतवाडीची आणि कर्नाटकातील चन्नपट्टणची रंगीत लाकडी खेळणी फिरत्या सांगाड्यावर लाखेनेच रंगविण्याची परंपरा आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला येणारी चमक हीदेखील स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपडा लाखेची.

तीन मिनिटांची मैफल

आता तिसरा प्रश्न. एमिल बर्लिनर या जर्मन-अमेरिकन संशोधकाने १८८७ साली सपाट तबकडीवर आवाज नोंदण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. आरंभीच्या तबकड्या कडक रबराच्या होत्या. त्यांना पोक येई आणि आवाज बिघडे. १८९० च्या दशकात लाखेचे मिश्रण वापरून पाहिले गेले आणि प्रश्न सुटला. दगडाची बारीक भुकटी, थोडे सुती तंतू, काळ्या रंगासाठी काजळी आणि या सर्वांना एकत्र बांधणारी लाख, असे ते मिश्रण होते. जी लाख राजाच्या मुद्रेचा ठसा उचलत होती, तीच आता आवाजाच्या केसाएवढ्या बारीक रेषेचा ठसा उचलू लागली.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला. त्याने नोव्हेंबर महिन्यात एका हॉटेलच्या खोलीत गौहरजान यांचे गाणे नोंदविले. गायन संपताच त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारीत. कारण तबकडी छापणारे तंत्रज्ञ दूर जर्मनीतील हॅनोव्हर शहरात बसलेले होते आणि कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव लावायचे, हे त्यांना त्यावरूनच समजणार होते. व्यापारी मनाला या प्रवासाचे कौतुक वाटल्याखेरीज राहणार नाही. लाख कलकत्त्याच्या बंदरातून कच्चा माल म्हणून युरोपात जाई आणि भारतीय गायिकेचा आवाज अंगावर घेऊन पक्का माल म्हणून परत येई. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच सियालदह येथे तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला, तेव्हा हा फेरा थांबला.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मिळत. जो राग गायक तासभर विस्तारीत असे, तो तीन मिनिटांत मांडायचा म्हणजे काय ठेवायचे आणि काय गाळायचे, याचा कठोर निर्णय करावा लागे. काहींनी ही मर्यादा नाकारली. अल्लादियाँ खाँ यांचे गाणे तबकडीवर उतरले नाही आणि त्यांच्या आवाजाची केवळ वर्णनेच उरली. काहींनी ती स्वीकारली आणि तिचेच सामर्थ्य केले. अब्दुल करीम खाँ यांची तबकडी एका दुकानात वाजत असताना लहानग्या भीमसेन जोशींनी ऐकली आणि पुढे गाण्यासाठी घर सोडले, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. बालगंधर्वांचे ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) रंगभूमीवर पाहण्याचे भाग्य ज्यांना लाभले नाही, अशा खेड्यापाड्यांतील माणसांनी त्यांचे स्वर कर्ण्यातून ऐकले.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अल्लादियाँ खाँ यांच्या शिष्या, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. तिची लांबी साडेतीन मिनिटांची आहे. ती तबकडी मात्र लाखेची नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याची आहे. गुरूंचा आवाज पृथ्वीवरही उरला नाही आणि शिष्येचा आवाज सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागला.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर युद्धात आहे. जपान युद्धात उतरल्यावर पूर्वेकडील जलमार्ग धोक्यात आले आणि भारतातून अमेरिकेत जाणारी लाख दुर्मीळ झाली. दारूगोळा आणि विजेची उपकरणे यांसाठीही ती लागत होती. म्हणून १९४२ साली तेथील सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर मोठी कपात लादली. जुन्या, फुटक्या तबकड्या परत आणून द्या, असे ग्राहकांना आवाहन होऊ लागले. त्या दळून नव्या केल्या जात. युद्धानंतर, १९४८ साली, कोलंबिया कंपनीने व्हिनाइल या कृत्रिम द्रव्याची दीर्घ वाजणारी तबकडी आणली आणि लाखेचे दिवस भरले. भारतात मात्र लाखेच्या तबकड्या १९६० च्या दशकापर्यंत निघत राहिल्या. त्याच दशकातली आमच्या घरची गोष्ट आता सांगतो.

दादाजींचा नियम

आमचे दादाजी खानदेशातील एका तालुक्याच्या गावी किराण्याचे दुकान चालवीत. त्यांनी तरुणपणी श्रावकाची बारा व्रते घेतली होती. वाचकांना ठाऊकच आहे की सातव्या, भोगोपभोग-परिमाण व्रताच्या ओघात पंधरा कर्मादानांचा त्याग येतो. ‘उपासकदशा’ सूत्रात वाणिज्यग्रामाच्या आनंद श्रावकाची कथा आहे. चार कोटी सुवर्णमुद्रा व्यापारात गुंतविलेला तो गृहस्थ भगवान महावीरांपाशी व्रते घेतो, तेव्हा श्रावकाने कोणते धंदे करू नयेत, याची यादी येते. त्यांत पाच ‘वाणिज्ये’ आहेत : दंत, लाक्षा, रस, विष आणि केश. हस्तिदंताच्या पंक्तीत लाखेला बसविणाऱ्या त्या यादीने हा कीटक किती बारकाईने पाहिला असेल, याचे मला आजही आश्चर्य वाटते. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात ‘योगशास्त्रा’त या यादीचे विवरण करताना लाखेबरोबर नीळ, मनशीळ अशा वस्तूही घातल्या आहेत.

दादाजींच्या दुकानात म्हणून लाखेची कांडी मिळत नसे. टपाल कचेरीचा शिपाई आला तर ते त्याला समोरच्या दुकानाकडे बोट दाखवीत आणि वर पाणी विचारीत. त्या गिऱ्हाइकाबरोबर डिंक, सुतळी आणि कागद यांचेही गिऱ्हाईक जाते, हे त्यांना कळत नव्हते असे नाही.

मात्र त्यांना एक शौक होता. माजघरात, कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेला ग्रामोफोन होता आणि शिसवी खोक्यात चाळीसएक तबकड्या होत्या. नाट्यपदे होती, ख्याल-ठुमऱ्या होत्या, काही स्तवनेही होती. दुकान बंद करून, दिवस मावळण्यापूर्वी जेवण आटोपून, प्रतिक्रमणाची वेळ होईपर्यंत ते एखादी तबकडी लावीत. सुई बदलण्याचे काम माझे.

१९६७ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी सामान्यज्ञानाचे एक पुस्तक पाठ करीत होतो. संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी मी मोठ्या अभिमानाने विचारले, “दादाजी, तबकडी कशाची करतात, सांगा!” त्यांनी ‘दगडाची असेल’ असे म्हटले. मी पुस्तकातले उत्तर वाचून दाखविले.

त्यांनी घास ताटात ठेवला. पुस्तक हातात घेऊन ते वाक्य स्वतः वाचले आणि इतकेच विचारले, “हे छापणाऱ्याने नीट पाहून छापले असेल ना रे?” त्या संध्याकाळी ग्रामोफोन वाजला नाही. पुढे आठ-दहा दिवस तो वाजला नाही. घरात सर्वांनी मला दोष दिला. आजी म्हणाली, पोराने म्हाताऱ्याच्या तोंडचे गाणे काढून घेतले.

दादाजींनी मधल्या काळात मुंबईला पत्र घालून खात्री करून घेतली होती. एका रविवारी त्यांनी मला जवळ बसविले आणि हिशेब समजावून सांगावा, तसे तीन कलमांत सांगितले. नवी तबकडी यापुढे घ्यायची नाही, कारण घेणाराच विकणाऱ्याला उभा करतो. असलेल्या तबकड्या विकायच्या नाहीत, कारण विकल्या तर तोच लाखेचा व्यापार होईल. आणि फोडायच्याही नाहीत, कारण फोडल्याने गेलेले जीव परत येत नाहीत आणि गाणाराचे गाणे मात्र जाते. “मग ऐकायच्या का?” मी विचारले. ते म्हणाले, “व्रताचे नावच परिमाण आहे. आठवड्यातून एक तबकडी, एक बाजू.”

तेव्हापासून रविवारची ती तीन मिनिटे आमच्या घरातील सर्वांत मोठी मैफल ठरली. आठवडाभर कोणती बाजू लावायची याची चर्चा होई. वाजत असताना कोणी बोलत नसे. आज हजारो गाणी खिशात असताना एकही शेवटपर्यंत ऐकले जात नाही, तेव्हा मला ती तीन मिनिटे आठवतात.

हिरवा ठिपका पुरेसा आहे का?

पाठशाळेतील त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देणे आवश्यक आहे. होय, ९०४ म्हणजे चपडा लाख. गोळ्या-चॉकलेटांची चमक, औषधी गोळ्यांचे आवरण आणि काही वेळा आयात फळांवरील लेप यांसाठी ती वापरली जाते. वेष्टनावर ती ‘ग्लेझिंग एजंट’ या नावाखाली येते.

अनेक कुटुंबे हिरवा ठिपका पाहून निश्चिंत होतात. परंतु आपल्या देशातील २०२० च्या लेबलिंग नियमांत मांसाहारी पदार्थाची जी व्याख्या आहे, तिच्यातून दूध, मध, मधमाशीचे मेण आणि लाख वगळलेली आहेत. म्हणजे लाखेचा किंवा मधाचा अंश असलेल्या पदार्थावरही हिरवा ठिपका कायदेशीरपणे असू शकतो. कायद्याची व्याख्या आणि आपल्या व्रताची व्याख्या एक नाही. म्हणून घटकांची यादी स्वतः वाचण्यास पर्याय नाही. ९०३ हा अंक कार्नोबा मेणाचा आहे. ते ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. खाद्यपदार्थांच्या धंद्यात असलेल्या आपल्या बांधवांनी हा फरक लक्षात ठेवला, तर माल मागविताना त्याचा उपयोग होईल.

खोक्याचा निकाल

दादाजी १९७४ साली गेले. ग्रामोफोन बिघडला, खोका माळ्यावर गेला. गेल्या वर्षी घराची डागडुजी करताना तो खाली आला, आणि ओळखीतून एक संग्राहक पाहायला आले. त्यांनी एकेक तबकडी प्रकाशात धरून तपासली आणि काही अत्यंत दुर्मीळ असल्याचे सांगून जो आकडा उच्चारला, त्याने आमच्या घरात पुन्हा तोच जुना प्रश्न उभा केला.

माझा मुलगा आता दुकान पाहतो. त्याचे म्हणणे स्पष्ट होते आणि मला ते उडवून लावता आले नाही. “या तबकड्या विकल्याने आज एकही कीटक मरणार नाही. नवी लाख कोणी मागविणार नाही. आलेली सारी रक्कम पांजरापोळाला देऊ. दादाजींनी जीव वाचावेत म्हणूनच नियम केला होता ना? मग त्या पैशाने जीव वाचतील.” सूनबाईंनी आपल्या हातातील लग्नाच्या चुड्याकडे पाहून विचारले, “आणि हा आपणच हौसेने विकत घेतला, त्याचे काय?” त्यावर कोणापाशीही उत्तर नव्हते.

माझ्या धाकट्या बहिणीने मात्र एकच मुद्दा धरला. नियम दादाजींचा होता, आणि ज्याने केला त्याने त्याची किंमत दिली होती. समोरच्या दुकानाकडे गेलेले प्रत्येक गिऱ्हाईक ही ती किंमत. आता आकडा मोठा आहे म्हणून नियम छोटा ठरवायचा का?

दोन आठवडे वाद चालला. शेवटी आम्ही संग्राहकांना कळविले की, तबकड्या विकायच्या नाहीत, पण त्या माळ्यावर कुजाव्यात असेही आम्हांला वाटत नाही; त्यांनी त्या विनामूल्य न्याव्यात, आणि त्यांतील आवाज जतन करून त्याची एक प्रत आम्हांला द्यावी. त्यांनी पुन्हा पुन्हा पैसे घेण्याचा आग्रह केला. आम्ही घेतले नाहीत. महिन्याभराने चाळीस तबकड्यांच्या ऐंशी बाजू एका बोटाएवढ्या पेन ड्राइव्हवर घरी आल्या.

मुलाचे पूर्ण समाधान झाले आहे, असे मी म्हणणार नाही. पांजरापोळाचे पैसे बुडाले, हे तो अजून बोलून दाखवितो, आणि गेल्या पर्युषणात त्याने स्वतःच्या कमाईतून तितकी नव्हे, पण जमेल तेवढी रक्कम तिकडे दिली. सूनबाईंनी ठरविले आहे की घरात पुढचे लग्न होईल, तेव्हा चुडा कशाचा घ्यायचा हे आधी बसून बोलायचे. काय ठरेल ते मला माहीत नाही.

एक तबकडी तेवढी घरात राहिली. ती काठाशी फुटलेली असल्याने संग्राहकांनी नेली नाही. नातू ती उचलून मोडलेली कड न्याहाळीत होता. आत काळीकरडी, खरखरीत धार दिसते. “आजोबा, ही दगडाची आहे का?” त्याने विचारले.

मी त्याला बसवून घेतले आणि पळसाच्या फांदीपासून सांगण्यास प्रारंभ केला. सायंकाळ होत आली होती. सूनबाईंनी जेवणास हाक मारली. रविवार होता. जेवण आटोपल्यावर आम्ही ऐंशी बाजूंपैकी एकच लावली आणि ती संपेपर्यंत कोणी उठले नाही.